भिकोबा हलवाई आणि धुमसता उकिरडा

एका डोंगराच्या पायथ्याशी छोटंसं गाव होतं आणि त्या गावात भिकोबा नावाचा हलवाई राहायचा. त्याची जिलबी खायला पंचक्रोशी लोटायची. आंबलेलं पीठ, नासलेलं दूध, फळांच्या साली असं सगळं तो गावामागच्या खड्ड्यात ओतायचा. गावही तेच करायचं, पण भिकोबाच्या टोपल्या सगळ्यांत मोठ्या.

खड्डा भरला, वर डोंगराएवढा ढीग झाला. मग एके दिवशी ढिगातून आपोआप धूर येऊ लागला. घरोघरी घाण वास शिरला. पोरं खोकू लागली, म्हाताऱ्यांचे डोळे चुरचुरू लागले.

पाटलांनी पारावर सभा बोलावली.

"हा धूर धोंडू कुंभाराच्या भट्टीचा!" कुणीतरी ओरडलं. "भट्टी पाडा!"

"अहो, आठ दिवसांत मी भट्टी पेटवलीच नाही," धोंडू रडकुंडीला येऊन म्हणाला. पण ऐकतो कोण!

भिकोबा मान खाली घालून बसला होता. सकाळीच त्याने ढिगाच्या भेगेतून निळसर ज्वाळा उठताना पाहिली होती. बोलावं तर गाव आपल्यावर उलटेल. गप्प बसावं तर धोंडूची चूल विझेल. तरी तो उठला.

"पाटील, धूर भट्टीचा नाही, उकिरड्याचा आहे. आणि त्यातला निम्मा कचरा माझा आहे."

सगळ्यांच्या माना भिकोबाकडे वळल्या. तेवढ्यात गिरजा माळीण खुदकन हसली.

"बरं झालं बोललास बाबा! ओला कचरा दाबून ठेवला की आतल्या आत सडतो. त्याचा वायू होतो, हवा नासवतो आणि पेटही घेतो. त्याला मोकळी हवा मिळाली तर त्याचंच सोन्यासारखं खत होतं."

धोंडूने डोळे पुसले. "मग मी घरोघरी रांजण देतो की! सगळीकडून भोकं पाडलेले."

गावाने माती-पाणी टाकून ढीग विझवला. दारोदारी रांजण आले. ओला कचरा त्यात, सुका वेगळा. पहिला रांजण भिकोबाने स्वतः डोक्यावरून नेला, तोही सगळ्यांत मोठा!

चार महिन्यांत त्या खतावर गिरजाचा मळा झेंडूने पिवळाधमक झाला. पोरांचा खोकला पळाला. भिकोबाने घाण्यातली पहिली जिलबी धोंडूच्या हातावर ठेवली, तेव्हा सगळ्या आळीत नुसता तुपाचा वास दरवळत होता.

तात्पर्य: आपण टाकलेला कचरा आपलाच असतो, हे जो कबूल करतो, तोच सगळ्यांची हवा स्वच्छ करू शकतो.