आईसाहेबांची वाटी

"तुमची मातीची खाण उद्यापासून बंद! तिथं माझ्या घोड्यांचा तबेला होणार!" जमीनदार एवारिस्तोनं फर्मान सोडलं आणि मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातलं ते कुंभारांचं गाव हादरलं. मातीच नाही, तर मडकी काय हवेची घडवायची?

म्हातारा कुंभार एलिहियो मटकन खालीच बसला. त्याची लेक होविता मात्र पुढे झाली. "मालक, परवा पितरांचा सण. तुमच्या आईसाहेब घरी येतील. काय वाटेल हो त्यांना?"

"येतील म्हणे! कुणी पाहिलंय?" एवारिस्तो खेकसला. "एवढी खात्री आहे ना? मग तिच्या आवडीचा मोले रांधून वाढ. ती येऊन जेवली, हे गावासमोर दाखव. खाण तुमची! नाहीतर उचला चंबूगबाळं!"

आली का पंचाईत! आपल्याकडे निदान पिंडाला शिवायला कावळा तरी असतो. तिथं झेंडूच्या माळा लावून पितरांचं पान मांडतात. पितर येतात, अन्नाची चव तेवढी घेऊन जातात, अशी सगळ्यांची श्रद्धा. पान जागच्या जागी! मग साक्षीला आणायचं कुणाला?

सणाच्या सकाळी होवितानं जमीनदाराच्या हवेलीतल्या चुलीवर दोन मडकी चढवली. मोले म्हणजे मिरच्या, तीळ, बदाम आणि चॉकलेट वाटून केलेला दाट रस्सा.

"दोन कशाला गं?" एलिहियोनं विचारलं.

"एक गावाला, एक आईसाहेबांना. बाबा, तुम्ही मक्याच्या भाकऱ्या शेका आणि गप्प बसा!"

आईसाहेबांच्या तसबिरीपुढं त्यांच्या मडक्यातल्या मोलेची वाटी मांडली. एवारिस्तोनं स्वतः खोलीला कुलूप ठोकलं, किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी गावासमोर दार उघडलं, तर वाटी काठोकाठ भरलेली!

"बघा! थेंबसुद्धा कमी नाही!"

"थेंब कशाला मोजता, मालक? चाखा की!"

एवारिस्तोनं बोट बुडवून चाटलं. तोंड वाकडं झालं. ना मीठ, ना तिखट! "शी! अगदीच अळणी!"

"आणि आता हा, गावासाठी केलेला." होवितानं दुसऱ्या मडक्यातली पळी पुढे केली. एक घोट घेताच जमीनदाराच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

"आईसाहेब चव घेऊन गेल्या!" गाव ओरडलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

एवारिस्तो होविताच्या कानाशी वाकला. "लबाड पोरी! वाटीतल्या मोलेत तू मीठमिरची घातलीच नाहीस!"

होविता डगमगली नाही. "असेलही, मालक. मग सांगा ना गावाला मोठ्यानं! सगळ्यांच्या आया घरी आल्या, फक्त तुमची तेवढी फिरकली नाही."

एवारिस्तोनं गावाकडं पाहिलं. आईच्या तसबिरीकडं पाहिलं. मग पोट धरून असा हसला, की माळेतला झेंडू गळून पडला!

"आली होती रे, माझी आई आली होती!" तो गरजला. "खाण कुंभारांची! आणि या पोरीला माझी दुभती गाय!" मग हळूच म्हणाला, "पुढल्या वर्षी वाटीत मीठ घाल गं. तिला खरंच अळणी चालत नसे!"