फगनीचा पाझर

तलावाच्या या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, पायथ्याशी ही जी पाण्याची धार दिसते, ती कधीच थांबत नाही. वर जी दगडी चौकट आहे, तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. तलावाचे पाणी पाळीच्या पोटातून शेताकडे सोडायची ती वाट. ती वाट बंद केली तरी ही धार वाहतेच. सरकारी साहेब आले, सिमेंट ओतून गेले. सिमेंट गळून पडले, धार राहिली. उन्हाळ्यात तलावाच्या तळाला भेगा पडतात, तेव्हाही इथली माती ओली असते. बसा गुरुजी, बाई तुम्हीही बसा. फक्त त्या खालच्या पायरीवर नको, ती रिकामी ठेवायची असते.

तुम्ही शहरातून पोरे घेऊन आमच्या शाळेचे नाटक बघायला आलात आणि तुमची पोरेही आज त्यात उतरणार, हे ऐकून बरे वाटले. नाटकात पाळ बांधणारे मजूर कितीही लागतात. आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हटले की रात्र सरते आणि माणसे सकाळी डोळे चोळत धान कापायला जातात. शाळेचे हे नाटक मात्र दुपारी सुरू होते आणि गुरे परतायच्या आत संपते. ते का, आणि शेवटी आम्ही पडदा का पाडत नाही, हे आधी ऐका. मग पोरांना रंग लावा.

असे सांगतात की हा तलाव बांधला तेव्हा पाळ टिकत नव्हती. दर पावसाळ्यात याच जागी फुटायची आणि वर्षाची मेहनत वाहून न्यायची. मग पाटलाला स्वप्न पडले म्हणे, की तलाव लेकरू मागतो. गावातली एका गरिबाघरची पोर उठली, गावासाठी हसत हसत तुडुमात जाऊन बसली, लोकांनी दगड लावले आणि पाणी ठरले. पिढ्यानपिढ्या एवढीच कथा चालत आली. त्या पोरीचे नाव कुणी सांगत नसे. ती हसत हसत गेली, हे मात्र सगळे न चुकता सांगत.

पुढे गावात शाळा आली आणि डोमाजी मास्तर आले. दुरून आलेला माणूस, अंगाने काटकुळा, पण शिकवायचा भारी नाद. पुस्तकातल्या राजांच्या लढाया पोरांच्या डोक्यात शिरेनात. दुपारी अर्धा वर्ग डुलक्या घ्यायचा. तेव्हा मास्तरांनी पोरांना वर्गातून उठवून थेट पाळीवर आणले. दोरीने पाळ मोजायला लावली, पाणी कुठून येते आणि कुणाच्या धानाच्या बांधीत जाते ते चालून बघायला लावले, म्हाताऱ्यांना बोलते करायला लावले. आणि शेवटी म्हणाले, आता हे सगळे आपण करून दाखवू. कुणी पाटील झाला, कुणी पाथरवट, कुणी पाण्यात वाहून गेलेला बैल. कधी तोंड न उघडणारी पोरे खड्या आवाजात बोलू लागली. असे शिक्षण गावाने पाहिले नव्हते. चांगल्याला चांगले म्हणावे, मास्तर खरेच गुणी होता.

तुडुमात बसणाऱ्या पोरीचे सोंग कौतिका नावाच्या मुलीला मिळाले. गोंदाबाई म्हणून एक विधवा होती, तिची ही एकुलती एक लेक. तिच्या तोंडाला पांढरी माती फासली, कपाळभर कुंकू लावले. मास्तरांनी तिला बजावले, की आत जाताना हसायचे. तालमीत ती हसायची, पण अंग आखडून. मास्तर म्हणायचे, लाजरी आहे, होईल मोकळी.

आता मास्तरांच्या हातून काय राहून गेले ते ऐका. आमच्याकडे दंडार असो की नाटक, खेळ संपल्यावर म्होरक्या एकेका सोंगाला त्याच्या घरच्या नावाने हाक मारतो. गडी 'ओ' म्हणतो, मग तोंड धुतो, मग जेवतो. हाक आल्याशिवाय सोंग उतरत नाही, असे आमचे जुने लोक मानतात. मास्तर बाहेरचे, त्यांना हे ठाऊक नव्हते. गावाला वाटले, एवढा शिकलेला माणूस, त्याला काय सांगायचे. नाटकाच्या दिवशी तालुक्याचे साहेब आले होते. टाळ्या झाल्या, खाऊ वाटला आणि मास्तरांनी पोरांना सोडून दिले. बाकीच्या पोरांच्या आया पाळीवर होत्याच. 'चाल रे बाल्या', 'ये वो बेबे' अशा हाका आपसूक पडल्या. गोंदाबाई मात्र दुसऱ्याच्या खळ्यावर धान झोडपायला गेली होती. कौतिकाला हाक मारायला कुणीच नव्हते.

संध्याकाळी गोंदाबाई घरी आली तर लेक कोपऱ्यात बसलेली. गुडघे छातीशी, मान खाली, जणू डोक्यावर फार जवळ छप्पर आहे. तोंडावरची माती तशीच. आईने धुतली, तर सकाळी पुन्हा होती म्हणे. जेवेना. हाक मारली तर वर बघेना. ती बसे तिथली जमीन ओली व्हायची, आणि घरात तर थेंबभर पाणीही सांडलेले नसायचे. तिचे हातपाय रोज थोडे अधिक गार लागू लागले. गोंदाबाईने पुजारी केला, वैद्य केला. हात टेकले सगळ्यांनी.

मास्तरांना वाटले, शाळेत आणली तर पोरांत रमेल. कौतिका वर्गातही तशीच बसली. मास्तर उजळणी घेत होते. म्हणाले, "आणि गावासाठी ती मुलगी हसत हसत..."

"हासत नाही गेली," कौतिका बोलली. नाटकानंतरचे तिचे पहिले शब्द. आवाज तिचाच होता, पण दगडाआडून यावा तसा.

ती सांगत राहिली. "बकरीचं पिल्लू आत गेलं म्हनले. तू लहान हायेस, तू मावशील, काढून आन म्हनले. आमी हाक मारू तवा भायेर ये म्हनले."

मास्तरांनी कसेबसे विचारले, "मग?"

"कोनी हाक नाही मारली."

आपण लेकरांच्या तोंडून काय वदवून घेतले हे मास्तरांना कळले, आणि त्यांना पोरांसमोर रडू आले, असे त्या वर्गातली माणसे म्हातारपणीही सांगायची.

ते पोरीला आईकडे घेऊन गेले. गोंदाबाईने सगळे ऐकले. ती शिकलेली नव्हती, पण आई होती. तिने लेकीसमोर बसून हळूच विचारले, "बाई, तुही माय तुले काय म्हने?"

पोर पहिल्यांदा वर बघून म्हणाली, "फगनी."

गोंदाबाई उठली आणि तिने चुलीवर भात टाकला. तिचा बेत बाहेर फुटायला वेळ लागला नाही. पाटलाच्या वंशातला म्हातारा चार माणसे घेऊन दारात आला. "गोंदे, तिले हाक मारू नोको. ती भायेर आली तं तलावाची पार राहील का? अर्ध्या गावाचं धान अजून उभं हाय."

भीती खोटी नव्हती. पाळ गेली असती तर गाव उपाशी मेले असते. पण गोंदाबाईच्या डोळ्यांसमोर तिची पोर गार पडत होती. ती म्हणाली, "तुमी एक पोर देऊन बसले, भाऊ. हे माही हाय. हे नाही देत."

कुणी तिला अडवले नाही. तिच्यासोबत फक्त मास्तर चालत आले, कौतिकाला उचलून. दिवस मावळायचा होता. अख्खे गाव पाळीखाली लांब उभे होते, आणि काहींनी तर बायकापोरे उंच टेकाडावर नेऊन ठेवली होती. गोंदाबाईने या खालच्या पायरीवर भाताचे ताट ठेवले आणि तुडुमाच्या तोंडाशी वाकून, आपल्या लेकीला मारावी तशी हाक मारली. "फगने, ये माय. चाल घरी. भात झाला."

काही झाले नाही. तिने पुन्हा हाक मारली. रागावून, मग लाडाने, जशा आया मारतात.

आणि पाळीच्या पोटातून 'ओ' आली.

मास्तरांच्या कडेवरच्या कौतिकाचे ओठ मिटलेले होते. सगळ्या गावाने पाहिले. आत दगड सरकल्यासारखा आवाज झाला आणि ही धार बाहेर आली. माणसे पळाली. पण पाळ हलली नाही. धार आली तेवढीच राहिली, लहान पोर चालेल तेवढ्या रुंदीची. ती पायरीवरून ताटाभोवती फिरली आणि उतरून गोंदाबाईच्या घराच्या वाटेला लागली. मग गोंदाबाईने वळून आपल्या लेकीला हाक मारली. कौतिकाने डोळे उघडले, "ओ माय" म्हणाली आणि भूक लागली म्हणून रडू लागली.

मास्तरांनी पुढच्या वर्षी ते नाटक बदलले. हसणे काढून टाकले, बकरीचे पिल्लू घातले, पाटलाच्या तोंडी 'आमी हाक मारू तवा भायेर ये' हे खरे वाक्य घातले. गावातले काही लोक रुसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण नाटक थांबले नाही. आमची पोरे आपल्या गावाचा इतिहास असा शिकतात, त्यातली लाज न गाळता.

कौतिका मोठी झाली, लग्न होऊन याच गावात राहिली. ती माझी आई. तिच्या घरात एक ताट कायम जास्तीचे वाढलेले असायचे, आणि आम्हा भावंडांना त्याचे काही वाटत नसे. लहानपणी आम्ही अंगणातून 'माय' अशी हाक मारली की घरातून दोन वेळा 'ओ' यायची. एक आईची. दुसरी लहान पोरीची. सगळ्यांच्या घरी असेच असते, असे मला बरीच वर्षे वाटत होते.

आई गेल्यावर घरातली ती दुसरी ओ थांबली. ती परत इकडे आली असावी.

तर गुरुजी, पोरांना रंग लावण्याआधी त्यांची घरची नावे विचारून घ्या. बाबू, छकुली, जे काही असेल ते. हजेरीची नावे इथे चालत नाहीत. आणि एखादे पोर सांगायला लाजले, तर त्याच्या आईला फोन लावा, पण नाव घेतल्याशिवाय त्याला पाळीवर आणू नका.

आजही नाटक संपले की पडदा पडत नाही. एकेका लेकराला हाक जाते, ते 'ओ' म्हणते आणि तोंड धुवायला जाते. सगळ्यांत शेवटी, गोंदाबाईने मारली त्याच वेळेला, दिवस मावळायच्या आत, खालच्या पायरीवर भाताचे ताट ठेवून, गावातली एखादी आई फगनीला हाक मारते. तुडुमात हवा कोंडली की आवाज होतो, हे विज्ञानाचे गुरुजी पोरांना शिकवतात, तेही शिकवलेच पाहिजे. पण त्या वेळी आम्ही कुणीच पोरांच्या तोंडाकडे बघत नाही. सगळे पाण्याकडे बघतो. ओ तिकडून आली, की मग आपापली पोरे घेऊन घरी जातो.