गावात दूधगाडी एकच

"नाव कुठं लिहिलंय मी, चाचा? दाखवा की!"

शहाजीनं कागद पुढं सरकवला. दारू सोडणाऱ्यांची बैठक दर्ग्यामागच्या खोलीत भरायची. बाबूलालचाचांनी स्वतःची दारू सुटल्यावर ही बैठक सुरू केली. शहाजीचीही त्यांच्यापाशी बसूनच सुटली. पण गडी पुण्याला जाऊन दुसऱ्यांना आधार द्यायचं शिक्षण घेऊन आला आणि तेव्हापासून खिशाला पेन अन् मानेला ताठा.

"वाच," चाचा म्हणाले.

"'दूधगाडी चालवतो. डाव्या पायानं लंगडतो. परवा पुन्हा घेतली. बायको माहेरी.' बघा. नाव नाही."

"गावात दूधगाड्या किती?"

"... एकच."

हाच कागद काल शहाजीकडून चहाच्या टपरीवर राहिला होता. डेअरीच्या सेक्रेटरीनं वाचला आणि सकाळीच गाडीची किल्ली काढून घेतली. तो माणूस आज बैठकीला आला नाही. आतून कडी लावून बसलाय, एवढं कळलं. आत बाटली आहे का, ते कुणाला ठाऊक?

"मग लिहायचंच नाही? उद्या मी आजारी पडलो, तर दुसऱ्यानं त्याला सांभाळायचं कसं?"

"लिहायचं की. आण ते पेन इकडं." चाचांनी कोरा कागद मांडीवर घेतला. "हां. शेवटची प्यालास, त्या दिवशी तुझ्या घरात काय झालं?"

शहाजीनं तोंड उघडलं. चाचांनी पेन कागदावर टेकवलं.

तोंड मिटलं.

"सांग की. याच चटईवर बसून घडाघडा बोलला होतास."

"तेव्हा तुमच्या हातात पेन नव्हतं."

"नाव नाही लिहीत रे. 'शाळेसमोर राहतो, मिशा पिळतो', एवढंच लिहितो."

"चाचा...!"

मिशीकडं गेलेला हात शहाजीनं खाली घेतला.

"मग तुझ्याबद्दल काय लिहू? तूच सांग."

"लिहा... आला होता. गुरुवारी परत येणार. डगमगला, तर थोरल्या बहिणीला हाक मारा, असं त्यानंच सांगितलंय."

चाचांनी अक्षरं जुळवत तेवढंच लिहिलं. वाचून दाखवलं. शहाजीनं मान हलवल्यावर कागद पेटीत टाकून कुलूप लावलं.

शहाजीनं चपला पायात सरकवल्या. "त्याच्याकडं जाऊन येतो." सवयीनं त्यानं खिसा चाचपला. रिकामा. मग पेनासाठी हात पुढं केला.

चाचांनी पेन कानावर खोचलं.

"तसाच जा. बघ, कडी काढतोय का."