गुरुजींच्या शिफारशीसह

एका जंगलात एक वाघ राज्य करत होता. शेजारच्या जंगलाने शर्यतीत पदकं पटकावली, तेव्हापासून त्याला खेळांचा भारी उमाळा आला. त्याने धाव महासंघ काढला, सरकारी कुरणातला निम्मा चारा त्याला लावून दिला आणि आपल्या मेहुण्याला, म्हणजे रेड्याला, अध्यक्ष नेमलं. वाघाचा मेहुणा रेडा कसा, हे विचारायची त्या राज्यात पद्धत नव्हती. रेडा जन्मात कधी धावला नव्हता, पण चाऱ्याच्या बाबतीत त्याचा हात कोणी धरला नसता. पिल्लांना शिकवायला तरसगुरुजी आले. वेशीवर पाटी लागली : ‘पिल्लं पळतील, जंगल पुढं जाईल!’

हरिणीची लेक ठिपकी सगळ्यांत चपळ. एके दिवशी ती आईच्या पोटाशी दडून म्हणाली, “मी उद्या नाही जाणार. सराव संपला की गुरुजी मला एकटीलाच थांबवून घेतात.”

आईने सगळं ऐकून घेतलं. मग ती तडक महासंघात गेली.

“ताई, मीही चार लेकरांचा बाप आहे,” रेडा रवंथ करत म्हणाला. “दोषीची गय करणार नाही. फक्त अर्ज नियमाने द्या. पिल्लांचा कुठलाही अर्ज गुरुजींच्या शिफारशीसह येतो. रजेचा, खुराकाचा, तक्रारीचासुद्धा.”

“अहो, तक्रार गुरुजींवरच आहे.”

“मग तर त्यांना आधी कळायला हवी.”

हरिणी दरबारात गेली. वाघाने डोळे पुसले आणि तिथल्या तिथे बालसुरक्षा समिती जाहीर केली. समितीसाठी उरलेला निम्मा चाराही महासंघाला गेला. अध्यक्ष रेडा. पिल्लांचा अनुभव असलेले तज्ज्ञ म्हणून तरसगुरुजी. समितीने पहिल्याच बैठकीत मैदानाला काटेरी कुंपण घातलं आणि सुरक्षेच्या कारणास्तव आयांना आत यायची बंदी केली.

हरिणीने ठिपकीला घरी ठेवलं. ते पाहून सांबरीने, मग सशिणीने, मग सगळ्याच आयांनी. पावसाळ्यापर्यंत मैदानात गुडघाभर गवत वाढलं. ठिपकी आता ओढ्यापलीकडे धावते, पण पाठीमागे पाचोळा वाजला की थबकते.

वर्षअखेरीस अहवाल आला : शिफारशीसह आलेल्या तक्रारी, शून्य. वाघाने भर सभेत गुरुजींच्या गळ्यात हार घातला. “या मैदानावर वर्षभरात एका पिल्लाच्या केसालाही धक्का लागलेला नाही!”

मैदानावर पावसाळ्यापासून एक पिल्लूही नव्हतं. तेवढी बाब अहवालात यायची राहून गेली, कारण तिला कोणाची शिफारस नव्हती.