हारणा उतरली ते वळण

मला वाटलं होतं, उखळदरीचं स्टेशन पाहून दया येईल. जपानमध्ये शिकताना मी डोंगरातल्या एका छोट्या स्टेशनाजवळ राहत होते. लाकडी इमारत, दारातून पाऊल टाकलं की फलाट, आणि फलाटावर आखलेल्या रेघेसमोर गाडीचा दरवाजा बरोबर येऊन थांबायचा. तसंच स्टेशन आपल्या तालुक्यात उभं करायचं, हे वेड घेऊन मी परतले. स्टेशनं सुधारायच्या कामावर नेमणूक झाली आणि पहिलंच गाव मिळालं उखळदरी.

जीपमधून उतरले आणि दया राहिली बाजूला, हसूच आलं. तिकिटाची खिडकी, बाकं, घंटा सगळं खाली सपाटीवर, आणि फलाट तिथून लांब, वर चढाच्या वळणावर! तिकीट काढून माणसं बोचकी डोक्यावर घेऊन चढत होती. मी नकाशावर लाल रेघ मारली. फलाट खाली आणायचा. आराखडा दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता.

"माय, रेघ मारायची घाई करू नको," लिंबाजी तात्या म्हणाले. वळणावरच्या कडुनिंबाखाली बसून आल्यागेल्याला गावाची कथा सांगणारे हे म्हातारे गृहस्थ. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि सांगायला सुरुवात केली.

रूळ आले तेव्हा इथे स्टेशनच नव्हतं. गाडी दरीतून जायची, थांबायची नाही. गावातल्या ठकूबाईची थोरली सून बाळंतपणात अडली. तिला डोलीत घालून खालच्या गावच्या स्टेशनाकडे निघाले, पण ती वाटेतच गेली. त्याच वेळी, असे सांगतात, गाडी शेजारून शिट्टी घालत निघून गेली. ठकूबाईने रुळावर हात ठेवून शपथ घेतली की पुढची सून या गाडीतून उखळदरीतच उतरेल, नाहीतर माझा उंबरा ओलांडणार नाही.

मग तिच्या धाकट्या मुलाला, धोंडिबाला, मुलगी कोण देणार? पण खालच्या गावची हारणा आपणहून तयार झाली म्हणे. तिच्या दारात लग्न लागलं, वऱ्हाड पायी परतलं, आणि हारणा हळदीच्या अंगाने गाडीत चढली.

उखळदरी आली आणि गेली. हारणा शेवटच्या स्टेशनापर्यंत गेली, परतीच्या गाडीने आली, पुन्हा गेली. असे कित्येक दिवस. वळणावर चढामुळे गाडी धापा टाकायची, तेवढ्यात गावच्या बाया खिडकीतून तिला भाकरी-पिठलं द्यायच्या. धोंडिबा मुंडावळ्या बांधून गाडीबरोबर पळायचा. लोक विचारायचे, संसारही पळतच करणार का रे? तिकीट तपासणारा आधी रागवायचा, पुढे तोच "आज थांबेल बघ" म्हणून धीर देऊ लागला. कुणीतरी हारणाला म्हणालं, गाडी इतकी हळू चालते, तर मार की उडी.

"अडलेली बाई उडी मारील का?" हारणा म्हणाली. "थांबली तरच उतरीन."

आणि ऐन उन्हाळ्यात एका दुपारी इंजिन वळणावर थांबलं. पाणी संपलं होतं. कुणी म्हणतात खालच्या स्टेशनावरची टाकीच आटली होती, कुणी म्हणतात रुळाने शपथ पाळली, कुणी म्हणतात ड्रायव्हरने मुद्दामच पाणी कमी घेतलं. तात्यांना विचारलं, तुम्ही कुठलं मानता? म्हणाले, "ऐकणारा बघून ठरवतो."

तळ्यापासून इंजिनापर्यंत बाया हंडे घेऊन उभ्या राहिल्या. ठकूबाई इंजिनासमोर आली.

"पाणी देते. पण आज थांबलास तसं उद्याही थांबायचं."

ड्रायव्हरने टोपी काढली. "थांबेन, आई. माझ्यामागून येणारेही थांबतील."

हातोहात हंडे चढले. तळं तळाला गेलं आणि तो उन्हाळा गावाने गढूळ पाणी पिऊन काढला म्हणे. हारणा उतरली तेव्हा हळदीवर काजळी बसली होती. शेवटचा हंडा ठकूबाईने सुनेच्या पायांवर ओतला. पुढे रेल्वेच्या साहेबांनी स्टेशन मंजूर केलं, इमारत सपाटीवर बांधली. पण ड्रायव्हर शब्दाला बांधलेले, ते वळणावरच थांबायचे. शेवटी फलाटच तिथे न्यावा लागला.

रेघेवर थांबणाऱ्या गाडीने मी भारावले होते, आणि इथली गाडी दिलेल्या शब्दावर थांबत होती! तेवढ्यात संध्याकाळची गाडी आली. विजेचं इंजिन, त्याला पाणी कशाला? तरी पाणी घालायचा मान त्या दिवशी ज्या घराचा, तिथली बाई पुढे झाली आणि तिने इंजिनासमोर रुळांवर हंडा ओतला. त्याच गाडीसाठी दिवस भरत आलेली एक बाई चढ चढत येत होती, दर चार पावलांवर थांबत, कमरेवर हात ठेवून. तात्या तिच्याकडे बघत राहिले. मीही.

सकाळी मी लाल रेघ खोडली. फलाट आहे तिथेच राहील. तिकिटाची खिडकी, बाकं आणि घंटा वर त्याच्यापाशी जाईल, आणि फलाटाला भिडेल असा गाडीरस्ता होईल, म्हणजे अडलेल्या कुणालाही तो चढ चालावा लागणार नाही. आराखडा जीपबरोबर पाठवला आणि ड्रायव्हरला सांगितलं, मला न्यायला परत येऊ नका, मी गाडीनेच जाईन. आजही गाडी हारणा उतरली तिथेच थांबते. यापुढे उखळदरीत मीही तिथेच उतरणार आहे.