गोमीचे मूठभर तांदूळ

खाडीच्या अलीकडे मराठ्यांचा अंमल, पलीकडे फिरंग्यांचा, आणि दोघांच्या कात्रीत सापडलेले खारवली गाव. एका वर्षी श्रीमुकुंदगिरी महाराज चातुर्मासासाठी तिथे राहिले होते. मठाचे अंगण सारवायला गोमी कोळीण येई. बिचारी विधवा, एकटी. पण महाराजांचे नाव निघाले की तिचा चेहरा खुले.

गावचे रायाजी खोत मोठे ताठ. त्यांची लेक चिमा फिरंग्यांच्या शिपायांनी पळवली होती. त्याचा सूड म्हणून खोतांनी पलीकडच्या गावावर माणसे घातली आणि आठ किरिस्तांव बायका आणून भाताच्या कोठारात कोंडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना घाटावर विकायचे ठरले. गावाने आपापली दारे लावून घेतली.

गोमी मात्र पाण्याची घागर घेऊन कोठाराशी गेली. खोत हसले, "काय गं, तुझ्या महाराजांनी तुला फिरंग्यांकडे पाणी भरायला लावलं वाटतं?"

"पोरींक तान लागली हा, खोतांनू," एवढेच ती बोलली. मठात येताच तिला रडू फुटले. "महाराज, त्यांतली पिदाद ओली बाळंतीण आसा. पोर घराक रवला. चोळी दुधान भिजली हा तिची."

महाराजांचे डोळे भरून आले. "गोमाई, घरात तांदूळ आहेत?"

"मूठभर आसत."

"पुरेत. लेकींच्या ओट्या भरून त्यांना घरी पाठवू."

गोमीचे तांदूळ सुपात घालून, तिला बरोबर घेऊन महाराज खोतांच्या दारी आले. तिकडची रीतच अशी, की ओटी भरली की ती बाई त्या घरची लेक. तिला सुखरूप पोचवणे घरधन्याकडे. खोतांनी सुपात पाहिले आणि मिशीला पीळ दिला. "एवढेसे तांदूळ! जितक्यांच्या ओट्या भरतील तितक्या सोडतो. बाकीच्या घाटावर."

"शब्द दिलात हं, खोत," महाराज म्हणाले. मग दाराआड उभ्या असलेल्या खोतीणबाईंना त्यांनी हाक मारली. "बाईसाहेब, भरायचं काम तुमचं." कोठार उघडून बायकांना अंगणात आणले.

चिमा गेल्यापासून त्या माउलीने कोणाची ओटी भरली नव्हती. तिने पहिली ओंजळ पिदादच्या ओटीत घातली. पिदादचे आजे-पणजे याच मातीतले. पदर कसा धरायचा ते तिला सांगावे लागले नाही. दुसरी ओटी भरली, तिसरी भरली. अहाहा, काय सांगावे! आठवी भरली तरी सुपात तांदूळ होते तेवढेच!

पण खोतांचे सुपाकडे लक्षच नव्हते. पदर पसरणाऱ्या प्रत्येकीच्या जागी त्यांना चिमा दिसत होती. "चिमे, माझ्या बाळा!" म्हणत ते महाराजांच्या पायांवर कोसळले.

"माझ्या नव्हे, गोमाईच्या पाया पडा. तांदूळ तिचे आहेत," महाराज म्हणाले. खोत तिच्यापुढे वाकले आणि स्वतः वल्ही मारून त्यांनी लेकी घरी पोचवल्या.

दिवाळीच्या सुमारास पलीकडून एक होडी आली. पिदादने आपल्या गावच्या बायकांसह फिरंगी किल्लेदाराच्या दारात ठाण मांडून चिमाला सोडवले होते. चिमा उतरली. तिच्या ओटीत नारळ होता, तांदूळ होते.

"कोणी भरली गं?" आईने विचारले.

"पिदादबायन."

रायाजी खोतांनी पागोटे काढले आणि पलीकडच्या तीराकडे तोंड करून वाळूवर डोके टेकवले.