दुसऱ्या भाषेतली ओळ

कॅनडाच्या उत्तरेला, क्री या आदिवासी लोकांच्या एका वस्तीत, एकदा एक तरुण कवयित्री एका वृद्ध कथेकऱ्यापाशी शिकत होती. त्या लोकांचा दंडक असा, की पूर्वजांच्या कथा जमिनीवर बर्फ असेतोवरच सांगायच्या. यंदा बर्फ भराभर वितळत होतं आणि वृद्धाची सर्वांत मोठी कथा तिला अजून मिळायची होती. "आधी सभेत तुझी कविता म्हण, मग ठरवू," तो म्हणाला होता. पुढचा हिवाळा तो पाहील याची खात्री नव्हती.

सभेला शहरातले पाहुणेही आले होते. तिची आई मागे बसली होती. आदिवासी मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या सरकारी निवासी शाळेतून बाहेर पडल्यापासून या बाईने क्री भाषेचा शब्द उच्चारला नव्हता.

मुलगी एक ओळ क्रीत म्हणे आणि लगेच तीच इंग्रजीत. थोड्याच वेळात वृद्ध उठला आणि सगळ्यांदेखत बाहेर निघून गेला. कविता अर्ध्यावर टाकून ती त्याच्यामागे धावली.

"आजोबा, माझं काय चुकलं? कथा देणार नाही का मला?"

"क्री ओळ चालू असताना पाहुणे काय करत होते, पाहिलंस? खोकून घेत होते, कोट सावरत होते. मागून इंग्रजी येणारच, मग क्री कशाला ऐकायची?"

"मग इंग्रजी काढून टाकते."

"वेडी आहेस का? तीही तुझीच. पण तिला नुसती क्रीच्या अर्थाची हमाली करायला लावू नकोस. जे क्रीत घडलं ते क्रीत सांग. जे इंग्रजीत घडलं ते इंग्रजीत."

ती परतली. मग तिने एक छोटीशी क्री ओळ म्हटली आणि पुढे इंग्रजीत म्हणाली, "एवढं बोलल्याबद्दल शाळेत माझ्या आईचं तोंड साबणाने धुतलं होतं."

वृद्ध आत आला होता. "रात्री घरी ये, कथा सांगतो," तो हळूच म्हणाला.

एका पाहुण्याने चाचरत विचारलं, "काय बोलल्या होत्या त्या?"

मुलगी उत्तर देणार, तोच मागे आई उभी राहिली. इतक्या वर्षांनी, क्रीत, सगळ्यांसमोर ती म्हणाली, "मला भूक लागली आहे."